खैरीची ओ

कासाबाईनं जिंदगीत पहिल्यांदा समुद्र बघितला आणि बघून झाल्यावर काय म्हणाली असेल? "एवढं पाणी, आन् एका बी जनावराच्या तोंडाला लागायचं न्हाई. जळो मेलं!"

तिच्या सुनेला, दैवशालाला, हसावं का कपाळ बडवावं कळेना. रात्रभर रेल्वेत बसून हैदराबाद गाठायचं, तिथून विमानानं अंदमानात उतरायचं, ज्या निळ्या पाण्यासाठी माणसं जीव टाकतात त्याच्या काठाशी उभं राहायचं, आणि म्हणायचं काय, तर जळो! पण सासूचं तरी काय चुकलं? बासष्ट वर्षांची बाई, जन्म मेंढरांमागं गेलेला. तिच्या लेखी पाणी दोनच जातीचं: जनावर पितं ते आणि जनावर पीत नाही ते.

"आत्याबाई, फोटो काढू का?" दैवशालानं विचारलं.

"काढ की. काढून बी मी हाय तशीच दिसणार."

कासाबाई पोखर्णीजवळच्या शिवारातली. नरसिंहाच्या देवळाचा कळस उन्हात चमकला की दिसावा एवढ्या अंतरावर तिची जाळी. मेंढरं रात्री कोंडायला चौफेर काठ्या रोवून दोरीचं जाळं ताणतात, ती जाळी. नवरा भुजंग सात वर्षांमागं गेला आणि कळप हिच्या अंगावर आला. धाकटी जाऊ सरजाबाई शेजारीच राहायची, अडीनडीला धावायची. मेंढरं किती, हे मात्र कासाबाईनं सरजालाही कधी सांगितलं नाही. मोजली की दृष्ट लागते. मोजायची गरजही नव्हती म्हणा. एखादं कमी असलं तर तिच्या घशाखाली घास उतरत नसे. आणि कधी एखादं विकायची पाळी आली तर गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी त्याच्या पाठीवरची चिमूटभर लोकर ती उपटून घ्यायची. जनावर गेलं तरी लोकर घरात राहिली पाहिजे, नाहीतर बरकत त्याच्यामागं चालत जाते. अशा लोकरीची एक पिशवी भुजंगाच्या वेळेपासून खांबाला टांगलेली होती.

लग्न होऊन आली त्या दिवसापासून एकही सांज अशी गेली नव्हती की मेंढरं जाळीत शिरली आणि कासाबाई तिथं नाही. सांजेची वेळच तशी. दिवसभर आया रानात चरायला आणि कोकरं घरी कोंडलेली. दिवस बुडताना कळप परत आला की कोकरं सुटतात आणि जो कालवा उठतो, तो ज्यानं ऐकला त्यानंच ऐकला. शंभर तोंडं एकदम ओरडत असतात, तरी हर एक आई आपलं कोकरू आवाजावरून बरोबर हुडकते. मग कासाबाई जाळीच्या तोंडाशी उभी राहून लांब हाक मारायची, "हुर्रर्र… या गं बायांनोऽ!" आणि पहिली ओ द्यायची ती खैरी.

खैरी ही म्हातारी मेंढी. भुजंग गेला त्याच आठवड्यात जन्मलेली, आई मेलेली, कासाबाईनं बाटलीनं दूध पाजून जगवलेली. आवाज जाडाभरडा, फुटका, एखाद्या म्हाताऱ्यानं पारावर बसून घसा साफ करावा तसा. एक गुण मात्र मोठा. कासाबाईनं हाक मारल्याशिवाय ती तोंड उघडायची नाही आणि हाक मारली की ओ दिल्याशिवाय राहायची नाही. मागल्या साली कासाबाईला रानात घेरी आली, पडली, तासभर बेशुद्ध. शुद्धीवर आल्यावर तोंडातून कशीबशी हाक निघाली, खैरीनं ओ दिली, देतच राहिली, तेव्हा कुठं सरजाच्या नवऱ्याला, वैजीनाथला, माग लागला. गावानं तोंडात बोटं घातली. खैरीला त्या दिवशी कासाबाईनं शेरभर ज्वारी चारली.

तर अशी ही बाई घर सोडून बेटं बघायला कशी निघाली? लेकामुळं. बिरदेव तिचा एकुलता एक, परभणीला पोस्टात कारकून. नोकरदाराला चार वर्षांतून एकदा सरकार लांबची सफर घडवतं, आणि विधवा आई पदरी असली तर तिचंही तिकीट देतं. "माय, फुकटात हाय, चल," असं तो दोन महिने म्हणत होता आणि ती दोन महिने एकच विचारत होती, "आन् मेंढरं?"

"मेंढरं सरजाकाकी बघती. पाच दिवसांची तर गोष्ट. सगळी जिंदगी त्यांच्यामागं गेली, पाच दिवस माझ्यासंगं ये की."

ह्या शेवटच्या वाक्यानं तिला गाठलं. लेक लहान असताना ती रानात असायची, मोठा झाला तेव्हा तो परभणीला. पाच दिवस एका जागी दोघं कधी राहिलेच नव्हते. ती म्हणाली, "येते. पण एक शर्त. रोज दिवस बुडताना सरजानं फोन मेंढरापाशी धरायचा. मला कालवा ऐकू आला पायजे. न्हाई आला तर मी मिळंल त्या गाडीनं माघारी येते, मंग समुद्रात गाडी असो नसो."

सरजा कबूल झाली. बिरदेवनं हसून मान हलवली. त्या हसण्यात काहीतरी कमी होतं, पण लेकाच्या हसण्याचं माप कोणती आई काढत बसते?

पहिला दिवस सोमवार. पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात गार वारा फेकणारं यंत्र, गुडघा बुडेल अशी मऊ गादी आणि कुलूप उघडायला पत्त्याच्या पानासारखं कार्ड. कासाबाईनं घोंगडं जमिनीवर अंथरलं. खिडकीत बसून ती दिवस बुडायची वाट बघू लागली आणि बघते तर काय, पाच वाजायला दिवस गेलासुद्धा! तिनं घाईनं फोन लावला.

"सरजा, मेंढरं आली का?"

"आत्ताच कशी येतील, बाई? आजून कासराभर दिवस वर हाय."

"दिवस वर हाय? हितं तर अंधार पडायलाय!"

"मला काय म्हाइत तुमच्या तिकडचं! हितं ऊन हाय चांगलं."

कासाबाईनं फोन ठेवला. एकच सूर्य, पण इथं तो तिला टाकून आधीच निघाला होता आणि तिकडं सरजाच्या डोक्यावर अजून ऊन होतं. आपण किती लांब आलो ते तिला विमानात कळलं नव्हतं, ते आत्ता कळलं. लेकाला सांगावं म्हटलं तर लेक-सून बाजारात शंखशिंपले घ्यायला गेलेले. ती पाऊण तास हॉटेलच्या पायरीवर बसून राहिली. येणारे-जाणारे तिच्या अंगावरच्या घोंगड्याकडं बघत होते. तिनं पुन्हा फोन लावला आणि ह्या वेळी तो कालवा आला. कोकरं, आया, कुत्रं, सगळं! कासाबाई उठून उभी राहिली आणि भर रस्त्यावर हाक मारली, "हुर्रर्र… या गं बायांनोऽ!" क्षणभर काही नाही. मग त्या गलक्यातून जाडीभरडी, फुटकी ओ आली. हॉटेलचा दरवान धावत बाहेर आला, तर ही बाई फोन गालाला लावून रडतही होती आणि हसतही होती.

मंगळवारी जुना तुरुंग बघितला. तिथल्या कोठड्या बघून ती म्हणाली, "एकएकट्याला कोंडायचे व्हय? मारलेलं परवडलं." बरोबर हैदराबादचे अठरा प्रवासी होते, सगळे जोडीजोडीचे. एका बाईनं प्रेमानं विचारलं, "माताजी, आप क्या करते?" कासाबाईनं आपल्या दखनीत सांगितलं, "मेंढ्या राखती मैं. चाळीस बरस हुए." "अरे वा!" म्हणून ती बाई नवऱ्याशी बोलायला वळली, ती परत काही फिरली नाही. अठरा माणसांत असं दिवसभर गप्प राहायची पाळी कासाबाईवर रानात कधी आली नव्हती. रानात ती अखंड बोलायची. ऐकणारे चार पायांचे असले म्हणून काय झालं?

त्या सांजेला सरजाचा आवाज जरा बसलेला वाटला.

"बाई, आज जरा मोठ्यानं हाक मारा. फोन मी लांब धरलाय."

"का गं?"

"आसंच. मारा तुमी."

कासाबाईनं मोठ्यानं हाक मारली, खैरीनं ओ दिली आणि सरजानं "ठिवते आता" म्हणून पटकन फोन ठेवला. सर्दी झाली असेल, कासाबाई म्हणाली.

बुधवारी मोठ्या बोटीनं हॅवलॉक बेटावर गेले. तिथं काचेच्या बुडाची नाव असते; खाली वाकून समुद्राचा तळ बघायचा. मासे बघून कासाबाई पहिल्यांदा रंगली. हजारभर बारके मासे एकदम डावीकडं वळत होते, एकदम उजवीकडं. "बिरदेवा, हे बघ, मेंढरावानीच वळायलेत! पण राखायला कोण हाय ते दिसंना." बिरदेव हसला नाही. तो सकाळपासून तीनदा फोन घेऊन लांब जाऊन बोलून आला होता आणि त्याच्या तोंडावरचा रंग उडालेला होता. "बोटीचं लागलं व्हय रे?" तिनं विचारलं. तो "हं" म्हणाला.

संध्याकाळी सगळ्यांना मावळतीच्या किनाऱ्यावर नेलं. पांढरी वाळू, मागं उंच झाडी, समोर पाण्यात बुडणारा सूर्य. लोक जोडीजोडीनं त्याला हातावर घेऊन, बोटांत धरून फोटो काढत होते. कासाबाई लांब एका आडव्या ओंडक्यावर बसली. तिनं हिशेब मांडला: मावळतीकडं आपलं गाव. म्हणजे हा दिवस बुडत नाही, आपल्या गावाकडं चाललाय. जाऊन सरजाच्या डोक्यावर उभा राहील, मेंढरांना घराकडं वळवील. जा बाबा, तू तरी जा. दैवशाला फोटोत गुंतली होती. बिरदेव म्हणाला, "माय, नारळपाणी आणतो," आणि गेला.

अजून पाऊण तास थांबायला हवं होतं. पण तिला राहवेना. नुसतं सरजाशी दोन शब्द बोलावं म्हणून तिनं फोन लावला.

"मेंढरं आली का गं?" तिनं सवयीनं विचारलं.

"आली, बाई. ऐका," सरजा म्हणाली आणि लगेच कालवा सुरू झाला.

कासाबाईच्या कपाळाला आठी पडली. आली? आत्ताच? तिकडं तर दिवस कासराभर वर असणार. दिवस असताना मेंढरं कशी परतली? कुणाच्या मागं लांडगा लागला का काय? ती विचारणार, एवढ्यात कालव्यात कुत्रं दोनदा भुंकलं, सरजाच्या बांगड्या वाजल्या, आणि मग अगदी बारीक, डब्यात तोंड घालून बोलावं तशी एका बाईची हाक आली, "हुर्रर्र… या गं बायांनोऽ!"

कासाबाईनं तोंड उघडलंच नव्हतं.

हाक तिचीच होती. कालची. आणि त्या कालच्या हाकेला खैरीनं ओ दिली. एकादशीला देवळात भजनाची टेप लावतात, गाणारा कधीच घरी गेलेला असतो आणि देवळात तो गातच असतो, तसं.

"सरजा," ती म्हणाली, "पुन्यांदा ऐकव."

पुन्हा कालवा. पुन्हा कुत्रं दोनदा. पुन्हा बांगड्या, हाक, ओ. ह्या वेळी कासाबाईनं मधेच, भलत्या जागी हाक मारून बघितली, जोरात. तिकडच्या गलक्यात तसूभर फरक पडला नाही. चाळीस वर्षांत ती मेंढरं तिच्या हाकेला बधली नाहीत असं पहिल्यांदाच झालं.

कळलं तिला. सगळं कळलं. लेकाचं न हसणं, लांब जाऊन फोन, सरजाचा बसका आवाज, "मोठ्यानं हाक मारा". फुकटचं तिकीट कशासाठी होतं तेही कळलं. जाळीच्या तोंडाशी ती उभी असती तर कुणाच्या बापाची हिंमत होती मेंढराला हात लावायची? म्हणून तिला उचलून समुद्राच्या मधोमध आणून ठेवली होती. चारी बाजूंनी पाणी. पळून जायचं तरी कुठल्या वाटेनं?

तिनं ओंडका दोन्ही हातांनी धरला. ओरडावंसं वाटलं, लेकाच्या नावानं बोंब मारावीशी वाटली. बिरदेव नारळ घेऊन येताना दिसला, वाळूत पाय ओढत. जवळ येऊन त्यानं विचारलं, "बोललीस काकीला?"

"व्हय," कासाबाई म्हणाली. "आली समदी मेंढरं." आणि नारळाचं पाणी तिनं शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकलं. चव काही लागली नाही.

आता तुम्ही म्हणाल, अशी कशी ही बाई? गावात पाण्याच्या पाळीवरून सरपंचाची अब्रू काढणारी कासाबाई, ती गप्प बसली? बसली खरी. गुरुवारी दुसऱ्या बेटावर नेलं, तिथंही गप्प. दैवशालानं शंखांची माळ दिली ती घातली, फोटोला उभी राहिली, भात-मासे पुढ्यात आले तर घरून आणलेली वाळकी भाकर ठेच्याबरोबर खाल्ली. "माय रमली बरं का," असं बिरदेव बायकोला हळूच म्हणाला ते तिनं ऐकलं. सांज झाली तशी मात्र ती सगळ्यांपासून उठून लांब गेली आणि फोन लावला. एकदा ऐकून झालं तशी म्हणाली, "सरजा, आजून एकदा." सरजानं लावलं. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा सरजा तिकडं हुंदका देते आहे असं वाटलं, पण कासाबाईनं ते ऐकलं न ऐकलं केलं. कालव्यात कुठलं कोकरू कितव्या वेळेला ओरडतं हे तिला आता तोंडपाठ होत आलं होतं. लांबकानीचं कोकरू तीनदा. बांडी मेंढी खोकते. मग कुत्रं.

शुक्रवारी शेवटचा दिवस. पोर्ट ब्लेअरसमोर रॉस नावाचं एक लहानसं बेट आहे, इंग्रजांच्या पडक्या इमारतींचं. भिंती उरल्यात आणि त्यांना वडाच्या मुळ्यांनी मिठ्या मारल्यात. त्या भिंतींतून ठिपक्यांची हरणं मोकळी हिंडतात. माणसाला भीत नाहीत. प्रवासी बिस्किटं पुढं करतात आणि ती हातातून खातात.

कासाबाई एका मुळीवर बसली. एक हरणी आणि तिचं पाडस तिच्या पायाशी आलं. तिनं नकळत हात पुढं केला, पाडसाच्या कानामागं चाचपलं, गोचीड आहे का बघितलं. नव्हती. चार दिवसांत तिचा हात पहिल्यांदा जनावराच्या अंगाला लागला होता. तिला रडू कोसळेल असं वाटलं म्हणून तिनं हात काढून घेतला.

बिरदेव शेजारी येऊन बसला. दैवशाला पुढं गेली होती.

"बघ माय, जणू तुझी मेंढरंच. मार की हाक. येतील समदी."

"दुसऱ्याच्या जनावराला हाक मारू न्हाई, बाबा."

बिरदेव खाली बघत बसला. वाळका पाला बोटांनी चुरत म्हणाला, "माय, एक सांगायचं हाय. घरी गेल्यावर सांगणार व्हतो, पण माझ्यानं आता राहवंना. मेंढरं…"

"इकलीस," कासाबाई म्हणाली. "बुधवारी सकाळी गाडी आली आसंल."

त्यानं मान वर केली. डोळे भरून आलेले. "तुला कवा कळलं?"

"बुधवारीच. तू नारळ आणायला गेलतास तवा."

बिरदेवनं हातातला पाला टाकून दिला. मग बिरदेव एकदम बोलत सुटला. "मागल्या साली तू पडलीस तवा मी पोस्टात खिडकीवर बसलो व्हतो. वैजीनाथकाकाचा फोन आला. हातातला शिक्का हातातच राहिला माय, समोर रांग उभी, आन् मी नुसता बसून. गाव म्हणतं खैरीनं वाचीवलं. खरं हाय. पण त्यांच्यामागं फिरतानाच पडली व्हतीस ना? पुढच्या टायमाला खैरीची ओ कुणाच्याच कानावर गेली न्हाई तर? तुला इचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस का? शंभर जन्म गेले असते तरी न्हाई. म्हणून आसं केलं. सरजाकाकीला मीच गळ घातली. तिला बोलू नको."

"एका मालकाकडं गेली का फुटली?"

"म्हाइत न्हाई. गाडीत भरली म्हणले."

"खैरी पायानं चढली का उचलून टाकली?"

बिरदेवला ते माहीत असायचं कारण नव्हतं. त्या वेळी तो बोटीत आईचा हात धरून उभा होता. त्यानं पाण्याकडं तोंड केलं. म्हाताऱ्या मेंढीला कोण कशासाठी घेतं हे मेंढपाळाच्या पोटी जन्मलेल्याला सांगावं लागत नाही.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "पण माय, तुला कळलं व्हतं तर बोलली का न्हाईस? दोन दिवस रोज फोन लावायलीस, ऐकायलीस, जणू काय झालंच न्हाई. दोन शिव्या तरी द्यायच्या. मला लय बरं वाटलं असतं."

कासाबाईनं लेकाकडं बघितलं. भुजंगासारखंच नाक, भुजंगासारखाच भित्रा जीव.

"बोलले असते," ती म्हणाली, "तर सरजानं ते लावायचं बंद केलं असतं."

बिरदेवनं आईच्या मांडीवर डोकं टेकलं आणि तो लहान पोरासारखा रडला. हरणी दचकून दोन पावलं मागं सरली. कासाबाईनं त्याच्या केसांतून हात फिरवला, सवयीनं कानामागंही चाचपलं. "राग आला न्हाई आसं समजू नको. लय आला. आजून बी हाय. पण घरी जाऊन भांडू. परक्याच्या मुलखात काय भांडायचं, लोक तिकीट काढून आलेत." लेक रडता रडता हसला. तिला मात्र हसू आलं नाही.

दुपारच्या बोटीनं ती परत आली. संध्याकाळी पोर्ट ब्लेअरच्या समुद्रकाठच्या कठड्यावर कासाबाई एकटीच बसली. आईला सगळं कळलंय, हे बिरदेवनं सरजाला कळवलं होतं. तो आणि दैवशाला लांब बाकड्यावर बसून तिच्याकडं बघत होते, जवळ यायची छाती होत नव्हती. दिवस गेला. ह्या वेळी ती घाई न करता थांबली. तिकडं ऊन उतरलं असेल, देवळाचा कळस तांबडा झाला असेल, कळप परतायची वेळ झाली असेल, एवढा वेळ ती बसून राहिली. मग फोन लावला.

सरजा नुसती रडत होती. "बाई, मला जोड्यानं हाणा. मी पापीण हाय."

"रडू नको. लोकर काढून घेतलीस का?"

"घेतली, बाई. हर एकाची. गाडीवाला वराडत व्हता, पण मी हटले न्हाई. पिशवीत ठिवलीय. खैरीची यगळी बांधलीय, माझ्या पदराला."

कासाबाईनं डोळे मिटले. "बरं केलंस. पायानं चढली का गं ती?"

"न्हाई, बाई. चढंना. जाळीकडंच बघत व्हती, तुमी कुठून तरी येताल म्हणून."

समुद्र कठड्यावर आपटत होता. कासाबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "लाव."

"आता कशाला, बाई? खरं न्हाई ते. समद्यांला कळलं."

"मला काय म्हाइत न्हाई व्हय? लाव म्हणते."

सरजानं लावलं. मेंढरं घरी आली. कोकरं सुटली. लांबकानीचं कोकरू तीनदा ओरडलं. बांडी खोकली. कुत्रं भुंकलं, एकदा, दोनदा. सरजाच्या बांगड्या वाजल्या. आता जागा आली. कासाबाई कठड्यावरून उठून उभी राहिली, मावळतीकडं तोंड केलं आणि येणारेजाणारे थबकून बघतील एवढ्या मोठ्यानं तिनं हाक मारली, "हुर्रर्र… या गं बायांनोऽ!"

फोनातली मंगळवारची हाक त्याच वेळी आली आणि ह्या हाकेखाली बुडून गेली.

आणि खैरीनं ओ दिली.